चालायला शिकवणारी तीन मिनिटे

दिल्ली-गुरुग्रामच्या टँगो वर्गात नवख्यांचा पहिला हिरमोड चालण्यापाशी होतो. डोळ्यांपुढे सिनेमातल्या गिरक्या असतात आणि शिक्षक नुसते चालवतात. सगळे वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, इतकेच सांगणे. पण तेही साधत नाही. तोल जातो, जोडीदाराचा पाय तुडवला जातो आणि हे आपले काम नव्हे असे वाटू लागते. अशा वैतागलेल्यांनी टँगो संगीतकार कार्लोस दि सार्ली यांची ‘बाईया ब्लांका’ ही रचना कान देऊन ऐकावी.

दि सार्ली (१९०३–१९६०) अर्जेंटिनातल्या बाईया ब्लांका या बंदराच्या गावी जन्मले. रचनेला नाव त्याच गावाचे. १९५७च्या ध्वनिमुद्रणात गायक नाही. सुरुवातीपासून व्हायोलिने लांब दमाची सुरावट ओढत नेतात. खाली ठेका ठाम असला तरी तो कुणाला पिटाळत नाही. बँडोनिऑन हे टँगोचे मानाचे वाद्य, पण इथे ते मिरवत नाही; ठेक्याला वजन देते. ओळ संपत आली की व्हायोलिने श्वास घेतात आणि त्या मोकळ्या जागेत दि सार्लींचा पियानो दोन-चार सूर टाकून जातो. खर्जातले ते सूर घंटेसारखे घुमतात. कधी आवाज अगदी खाली येतो, मग पुन्हा भरतो.

नवशिक्याची गोची नेमकी त्या मोकळ्या जागेत होते. जोडीला नेणारा पुढच्या ओचोची, म्हणजे वळत टाकायच्या पावलांची, जुळवाजुळव करत असतो, सोबतची व्यक्ती त्याचा अंदाज बांधत असते. ऐकत कुणीच नसते. दिल्लीत कथक शिकून आलेल्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे पाऊल वाजवून बोल उमटवायचा, मात्रा मोजून समेवर यायचे. इथे पाऊल आवाज न करता टेकवायचे आणि ओळ कुठे संपते ते कानाने ओळखायचे. प्रत्येक ठोक्यावर पाऊल टाकलेच पाहिजे असे नाही. पियानो बोलत असताना जोडी नुसती उभी राहिली तरी नाच चालूच असतो. ही मुभा एकदा कळली की पायांवरचे निम्मे दडपण उतरते.

चपळाई हवी असेल त्यांनी दुसरे टँगो वाद्यवृंदप्रमुख खुआन दारिएन्सो यांच्याकडे जावे; त्यांचा ठेका पायाला स्वस्थ बसू देत नाही. पण पाया दि सार्लींकडेच पक्का होतो. तेव्हा वर्ग सोडण्याआधी आठवडाभर नव्या गिरक्या बाजूला ठेवा आणि ही रचना लावून घरातल्या घरात चाला.