आमदार स्मॉल्स आणि टेबलावरचा पाय

काही वर्षांपूर्वी चित्रपट रसास्वादाच्या एका वर्गात आम्हाला 'द बर्थ ऑफ अ नेशन' दाखवला होता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१५ सालचा मूकपट, लांबी जवळपास तीन तास. सिनेमा वर्णद्वेषी आहे, कु क्लक्स क्लॅनची आरती ओवाळणारा आहे, हे सुरुवातीलाच सांगून झालं. मग आम्ही 'तंत्र' बघायला लागलो.

उत्तरार्धात एक प्रसंग आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, गुलामगिरी कायद्याने गेली आहे आणि साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळात काळे आमदार बहुमतात आहेत. साल १८७१. आधी रिकामं सभागृह दिसतं. मग त्याच चौकटीत हळूहळू माणसं उमटतात. एक आमदार चोरून बाटली तोंडाला लावतोय, एक कोंबडी खातोय. तिसऱ्याने बूट काढून अनवाणी पाय टेबलावर ठेवलाय. सभापती निर्णय देतात: प्रत्येक सदस्याने पायात बूट घातलेच पाहिजेत.

वर्गात हशा पिकला. मीही हसलो. शिक्षक त्या रिकाम्या सभागृहातून भरलेल्या सभागृहात जाणाऱ्या दृश्याबद्दल बोलले आणि पुढे गेले. ग्रिफिथने त्या सभागृहाची रचना जुन्या छायाचित्रावरून हुबेहूब उभी केली होती. खुर्च्या खऱ्या, म्हणजे माणसंही खरीच असणार, असं प्रेक्षकाला वाटावं म्हणून. माझ्यावर तरी ते चाललं. त्या खुर्च्यांवर प्रत्यक्षात कोण बसलं होतं, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

त्यातला एक माणूस रॉबर्ट स्मॉल्स. तुमच्यापैकी काहींनी त्याचं रील पाहिलं असेल. जन्म १८३९, ब्यूफर्ट गावी, गुलाम म्हणूनच. चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर तो सुकाणू धरायचा. बोट दक्षिणेच्या सैन्याच्या कामावर. १३ मे १८६२च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना तेवीस वर्षांच्या स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, बायकामुलांना बोटीवर घेतलं, फोर्ट सम्टरच्या तोफांसमोरून ठरलेली शिट्टी वाजवत बोट बाहेर काढली आणि पांढरी चादर फडकवून ती उत्तरेच्या नौदलाच्या ताब्यात दिली. पुढच्या वर्षी गोळीबारात कप्तान लपून बसल्यावर त्याने बोट वाचवली आणि मग तोच तिचा कप्तान झाला.

गोष्ट जबरदस्त आहे, वाद नाही. पण रील इथेच संपतं. केट लाइनबेरीचं २०१७ सालचं 'बी फ्री ऑर डाय' हे वाचनीय चरित्रही मुख्यतः युद्धाच्या वर्षांतच रमतं. स्मॉल्स १९१५पर्यंत जगला. म्हणजे बोट पळवल्यानंतर तब्बल ५३ वर्षं. एडवर्ड मिलरच्या 'गला स्टेट्समन' या जरा रुक्ष पुस्तकात तो उरलेला माणूस भेटतो. आणि मला तो बोटीवरच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण हा माणूस पुढे आमदार झाला. १८६८मध्ये राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत तो ब्यूफर्टचा प्रतिनिधी होता, त्यानंतर दोन वर्षं खालच्या सभागृहात, १८७० ते १८७४ राज्याच्या सेनेटमध्ये. म्हणजे ग्रिफिथने जे साल निवडलं त्या साली तो त्याच विधिमंडळात होता. घटनासभेत त्याने ठराव मांडला की राज्यात सर्वांसाठी मोफत शाळा असाव्यात आणि मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं असावं. काळ्या मुलांसाठी वेगळी मागणी नव्हती, सर्वांसाठी होती.

हे कुठे चाललंय ते लक्षात घ्या. याच राज्यात १८३४च्या कायद्याने गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. स्मॉल्स स्वतः विशी ओलांडल्यावर अक्षरं शिकला, तीही युद्ध चालू असताना, बोट दुरुस्तीला फिलाडेल्फियाला गेली तेव्हा. बाराखडी शिकून जेमतेम चार वर्षं झालेला माणूस उठतो आणि राज्याला शाळा काढायला लावतो. तोवर तिथल्या गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही राज्यभर मोफत शाळा नव्हती. नव्या घटनेत सार्वजनिक शिक्षणाचं कलम आलं.

ग्रिफिथच्या कॅमेऱ्याला यातलं काही दिसलं नाही. त्याला पाय दिसला.

इथे एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. शाळेत आपण ही अर्पणपत्रिका एका वाक्यात पाठ करतो. पण ती छापली जात होती तेव्हा एक माजी गुलाम तिकडे सेनेटर होता आणि शाळांच्या पैशांवरून भांडणं चालू होती, हे एकत्र ठेवून बघितलं की ती अर्पणपत्रिका त्या दिवसाच्या बातमीसारखी ताजी वाटते.

स्मॉल्स राज्याच्या मिलिशियातही चढत चढत मेजर जनरल झाला. नाव ऐकून तलवार डोळ्यांसमोर येते. पण १८७६च्या उन्हाळ्यात कंबाही नदीकाठी भातशेतीवरच्या मजुरांनी संप केला, तेव्हा काय झालं बघा. मजुरी रोख मिळत नव्हती, चिठ्ठ्या मिळत होत्या, आणि त्या मळेवाल्याच्या दुकानातच चालत. संपकऱ्यांनी कामावर जाणाऱ्या काही जणांना मारहाणही केली होती. गोऱ्यांनी 'दंगल, दंगल' म्हणून ओरड सुरू केली, बंदूकधारी जमले. स्मॉल्स तिथे गेला, संपकऱ्यांशी बोलला, मारहाणीचा आरोप असलेल्यांना खटल्यासाठी हजर व्हायला राजी केलं आणि गर्दी पांगवली. गोळी सुटली नाही. तेव्हा तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये पोचला होता, पण ही माणसं त्याच्या मतदारसंघातली होती, आणि गावातला माणूस गावात जाऊन बोलला तर काय होतं, याची जाण त्याला होती. अशा प्रसंगावर सिनेमा कसा काढणार? काहीच 'घडत' नाही.

आता दुसरी बाजू. तिला वळसा घालणारी चरित्रं मला आवडत नाहीत. १८७७मध्ये सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्या वर्गाकडे गेल्यावर स्मॉल्सवर खटला झाला: सेनेटर असताना सरकारी छपाईच्या कंत्राटापायी ५,००० डॉलर लाच घेतली म्हणून. तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मुख्य साक्षीदार स्वतःच त्या छपाईच्या घोटाळ्यात बुडालेला आणि माफीचा साक्षीदार झालेला. १८७९मध्ये गव्हर्नरने स्मॉल्सला माफी दिली, त्याच सुमारास निवडणुकीतल्या गैरप्रकारांबद्दल डेमोक्रॅटांवर चाललेले खटलेही सोडून देण्यात आले. देवाणघेवाण उघड आहे. खटला राजकीय होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या विधिमंडळात पैसे खाल्ले जात होते, गोरेही खात, काळेही खात, हेही खरं आहे. स्मॉल्सचे हात पूर्ण स्वच्छ होते असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

आणि म्हणायची गरजही वाटत नाही. सगळी गोम तिथेच आहे. गोऱ्या आमदाराने लाच खाल्ली तर तो एकटा भ्रष्ट ठरतो. काळ्याने खाल्ली की त्याची सगळी जमात राज्य करायला नालायक. ग्रिफिथने तर लाचही दाखवली नाही. लाच खायला निदान हिशेब यावा लागतो. त्याने उघडा पाय दाखवला, म्हणजे चर्चा कारभारावर जायलाच नको.

हे लिहिताना मला माझ्याच फोनमधलं एक रील आठवतंय. राखीव जागेवरून निवडून आलेली कुणी सरपंच बाई झेंडावंदनाला कागदावरचं भाषण वाचताना अडखळते, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी ते पुढे पाठवलं होतं. तिच्या ग्रामपंचायतीने त्या वर्षी काय केलं हे मला माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं.

'द बर्थ ऑफ अ नेशन' लॉस एंजेलिसमध्ये ८ फेब्रुवारी १९१५ला पहिल्यांदा झळकला. ब्यूफर्टच्या आपल्या घरात स्मॉल्स २३ फेब्रुवारीला वारला. घर म्हणजे तेच, ज्याच्या आवारात तो गुलाम म्हणून जन्मला होता आणि जे त्याने युद्धाच्या काळात करवसुलीच्या लिलावात विकत घेतलं होतं. ३ मार्चला सिनेमा न्यूयॉर्कला लागला. त्याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात डनिंग नावाचे प्राध्यापक होते. काळ्यांच्या हाती सत्ता देणं ही घोडचूक होती, या मताला त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाची पुस्तकं लिहून प्रतिष्ठा दिली. सिनेमा पडद्यावर तेच सांगत होता. भीमराव आंबेडकर तेव्हा त्याच विद्यापीठात शिकत होते. या इतिहासाला भक्कम उत्तर मिळायला १९३५ उजाडावं लागलं, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'च्या रूपाने.

परवा मी तो प्रसंग यूट्यूबवर पुन्हा पाहिला. सिनेमा सगळा तिथे आहे. बुटांचा निर्णय झाल्यावर सभागृह काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला मुभा देणारा कायदा करतं, आणि आमदार वर सज्जात बसलेल्या गोऱ्या बायकांकडे बघतात. ग्रिफिथच्या मते या माणसांना सत्ता हवी होती ती यासाठी.

याच विषयावर स्मॉल्स खरोखर बोलला होता, १८९५ साली. काळ्यांचा मताधिकार काढून घ्यायला राज्याने नवी घटनासभा बोलावली होती. त्या सभेत काळे प्रतिनिधी फक्त सहा, त्यातला हा एक. मिश्र विवाहबंदीचं कलम आलं तेव्हा स्मॉल्सने दुरुस्ती सुचवली: काळ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला कुठलंही सरकारी पद मिळू नये. त्याचा स्वतःचा बाप गोरा होता असं मानलं जातं, त्यामुळे तो कशाबद्दल बोलतोय हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं असणार. दुरुस्ती अर्थातच फेटाळली गेली. शेवटी सह्यांची वेळ आली. सही न करणाऱ्याला प्रवासखर्च मिळणार नाही असं बजावलं गेलं, तेव्हा मी ब्यूफर्टला चालत जाईन असं तो म्हणाल्याचं सांगतात.

१८९५ची ती घटना, पुष्कळ दुरुस्त्यांनंतर, साउथ कॅरोलायनात आजही लागू आहे. तिच्यावर त्याची सही नाही.