आपण, आम्ही आणि कॉल्डवेल
एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’मधली (१९७८) पूर्व मुख्यतः अरब-इस्लामी आहे. मद्रासची गोष्ट त्या साच्यात नीट बसत नाही. इथे प्रतिमा घडवण्यात साहेबाइतकाच पंडिताचाही हात होता.

फोर्ट सेंट जॉर्जचे कॉलेज उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. एलिस यांनी १८१६मध्ये, कॅम्पबेल यांच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात, तमिळ, तेलुगू, कन्नड यांचे मूळ संस्कृताहून वेगळे असल्याचे दाखवले. त्यांच्या हाताशी पट्टाभिराम शास्त्रींनी जमवलेले तेलुगू धातू होते. १८५६मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांनी या कुळासाठी ‘द्राविडी’ हे नाव रूढ केले, तेही संस्कृतातूनच उचलून. गंमत अशी, की जुन्या पंचद्रविडांत महाराष्ट्र आणि गुर्जरही होते! ती विभागणी ब्राह्मणांची, भाषांची नव्हे, हे खरे. तरी नावाच्या या नव्या वापरात आपण कुंपणापलीकडे गेलो.

कॉल्डवेल यांची मांडणी चूक नव्हती. मराठीचा सांगाडा आर्यभाषेचाच आहे. घात झाला तो भाषाकुळाचा वंश झाला तेव्हा, आणि त्या कामात आपणही मागे नव्हतो. शोळिंगनल्लूरला माझे सहकारी मराठीला हिंदीची धाकटी बहीण समजतात. गावाकडच्या नातलगांना तमिळ म्हणजे नुसते ‘यंडुगुंडू’. दोघांच्या मनातला नकाशा एकच. साहित्याचा इतिहासही त्याच नकाशावर लिहिला जातो. तंजावरच्या शाहजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी एकाच रंगमंचावर बोलतात. आपण मात्र मराठी नाटक १८४३च्या सांगलीपासून मोजतो आणि तंजावर प्रस्तावनेत उरकतो.

या नकाशाला न जुमानणारी गोष्ट रोज आपल्या जिभेवर असते. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटले की आत. तमिळमध्येही तसेच, ‘नांगळ’ आणि ‘नाम’. हिंदीच्या ‘हम’ला हा भेद जमत नाही. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’मध्ये असे नाते फार ताणले, असे मला वाटते, पण तमिळ शिकून मराठीकडे पाहण्याचे कष्ट त्यांच्यावर हसणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतले?

इथे ‘नम्म चेन्नई’ म्हणतात. नम्म म्हणजे आपली, ऐकणाऱ्यासकट. ‘आमची मुंबई’ म्हणताना आपण नेमका दुसरा शब्द उचलला, आणि ती निवड कुणा साहेबाने केलेली नाही.