सरासरीत न सापडणारी माणसे

संशोधन कोणत्याही विषयातले असो, हल्ली आकड्यांच्या प्रारूपाशिवाय, म्हणजे आपण ज्याला सर्रास मॉडेल म्हणतो त्याशिवाय, ते पुरे मानले जात नाही. शेती, आरोग्य, दारिद्र्य यांच्यापुरती ही पद्धत होती. आता वाङ्मयाच्या प्रबंधातही प्रश्नावली आणि टक्केवारी आली आहे. आम्ही आकड्यांच्या विरोधात नाही. भावनेच्या भरात केलेल्या विधानापेक्षा मोजून केलेले विधान केव्हाही बरे. परंतु प्रारूपाचे उत्तर सांगताना ते कशावर बेतले आहे हे सांगायचे राहून जाते आणि नेमकी तिथेच माणसे गळतात. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके समोर ठेवून आम्ही हे मांडत आहोत.

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ कोटी १० लाखांवर माणसे आणि त्यातली शंभरात सुमारे ७७ शहरी. तेव्हा जिल्ह्याची सरासरी म्हणजे मुख्यतः ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी यांची सरासरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा तिकडे गेले. शहापूर-मुरबाड मात्र याच सरासरीत राहिले, आणि ती सरासरी आता आणखीच शहरी झाली. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्या टँकरची वाट पाहतात. जिल्ह्याचा दरडोई पाण्याचा आकडा काढला तर ही तहान त्यात दिसणार नाही. आकडा खोटा नसतो. तो कुठल्या पातळीवर काढला, तिथे गफलत असते. पीकविम्याचेही तसेच. भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. घाटाच्या पायथ्याशी एखाद्याचे भात आडवे झाले, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर त्या हिशेबात त्याच्या वाट्याला काही येत नाही.

प्रारूप बदलले की उत्तर कसे बदलते, याचा धडा महाराष्ट्रातल्याच दोन थोर अभ्यासकांनी घालून दिला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दररोज दरडोई २२५० कॅलरी हे माप धरून भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ साली ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के लोक या रेषेखाली असल्याचे त्यांनी दाखवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी हरकत घेतली की एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज रोज सारखी नसते, म्हणून सरासरी गरजेलाच रेषा मानली तर उपाशी ठरणाऱ्यांची संख्या फुगते. दांडेकरांना हे मान्य नव्हते. दोघेही विद्वान, दोघांपुढे आहाराच्या पाहण्यांचेच आकडे. तरी रेषा कुठे ओढायची यावर लाखो माणसे ‘गरीब’ किंवा ‘बरी’ ठरत होती. या वादात आम्हाला मोलाचे वाटते ते एवढेच की दोघांनी आपापली गृहीतके उघड्यावर ठेवली. आजचे कितीतरी प्रबंध तेवढेही करीत नाहीत.

दुसरी गळती नमुन्यातली. मुरबाड-शहापुरातली अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. त्या दिवसांत पाहणी करणारा आला तर झोपडी बंद. मग शेजारचे, उघडे असलेले घर नमुन्यात येते. जो सर्वांत नडलेला, तोच यादीतून बाहेर. आणि पुढे संगणकाने कितीही अचूक दशांश काढले, तरी गेलेला माणूस परत येत नाही.

आता आपल्या घरचे. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. मुसलमानांचे लाड होतात, या बोलण्याला त्याने आकड्यांनी उत्तर दिले, हे ऋण आपण मानलेच पाहिजे. परंतु महाराष्ट्रातला बहुसंख्य मुसलमान शहरात राहतो. त्यामुळे राज्याचा ‘सरासरी मुसलमान’ मुंबई, भिवंडी, मालेगावचा निघतो. मुरबाडच्या खेड्यातले दोन-चार घरांचे मुसलमान, घरीदारी मराठी बोलणारे, नमुन्यात आले तर एखादे घर येणार. एका घरावरून टक्केवारी निघत नाही. म्हणून संशोधक त्यांना राज्याच्या आकड्यात मिसळतो. मग त्यांची भाषा, त्यांची शाळा, त्यांची अडचण हे सारे दुसऱ्याच कुणाचे ठरते. मराठी मुस्लिम लेखकाला ‘तुम्ही मराठीत कसे?’ हा प्रश्न अजून विचारला जातो, त्याचे मूळ अशाच सरासरीत आहे.

म्हणून आमच्या अभ्यासकांनी कोणतेही प्रारूप हाती घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: मोजणी कोणत्या पातळीवर झाली, कोणती गृहीतके धरली, आणि कोण सुटले. सुटलेल्यांपर्यंत चालत जावे, त्यांचे म्हणणे लिहून आणावे. अशा शंभर नोंदी जमल्या की संख्याशास्त्रालाही त्यांची दखल घ्यावी लागेल. ते होईपर्यंत कथा, आत्मकथन, गावकथन लिहिणाऱ्यांनी आपले काम कमी प्रतीचे मानू नये. जे घर नमुन्यात आले नाही, त्याची नोंद निदान आपल्या पानांवर तरी झाली पाहिजे.