‘व्यसन लावणारा’ खेळ

व्हिडिओ खेळांच्या परीक्षणांत ‘व्यसन लावणारा’ ही म्हणे स्तुती! शिराळ्यातल्या आईला हे विशेषण तंबाखूपुरते ठाऊक. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ साली खेळाचा अनावर नाद आजारांच्या यादीत घातला.

१९९७ साली नोकियाच्या फोनवर आलेला साप घ्या. (नागपंचमीच्या गावाला तो परका कसा वाटावा?) तो खातो, वाढतो, आणि वाढलेले अंगच त्याची वाट अडवते. प्रत्येक घासागणिक मोकळी जागा आटते. गोडी आहे ती या कोंडीत. ‘व्यसन’ म्हटल्याने तिच्यातले काहीच कळत नाही. उलट, रोज बक्षिसाचे आमिष दाखवून पोरांकडून पैसे काढणारा खेळ असतो, त्यालाही परीक्षक हाच शब्द लावतात. मग आईने दोहोंतला फरक ओळखावा कशावरून?