पुरावा समोर असताना: हर्झोगचा ‘नोस्फेराटू’ आणि आपण

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर एका संध्याकाळी पेपर बाजूला ठेवा आणि वेर्नर हर्झोगचा १९७९ सालचा ‘नोस्फेराटू’ बघा. हा भयपट आहे, पण दचकवणारं त्यात फारसं काही नाही. मी तो सुचवतेय तो त्यातल्या एका डॉक्टरसाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ची. १९२२ साली मुर्नाऊने परवानगी न घेता, नावं बदलून त्यावर ‘नोस्फेराटू’ हा मूकपट केला. स्टोकरची पत्नी कोर्टात गेली, प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला, तरी काही वाचल्या. हर्झोगने याच मूकपटाची कथा पुन्हा सांगितली. तोवर स्वामित्वहक्क संपले होते, म्हणून ड्रॅक्युला हे नाव परत आलं.

सिनेमा सुरू होतो तो मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोच्या ममींपासून. स्पष्टीकरण काहीच नाही. पुढे जोनाथन डोंगरातून वाड्याकडे चालत जातो: ढग, दरी, पाणी आणि वागनरचं संगीत. कित्येक मिनिटं गोष्ट पुढे सरकतच नाही, पण आपण आपल्या जगातून बाहेर पडलोय हे अंगावर येतं. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला तर थकलेला, मरता येत नाही म्हणून कळवळणारा. विस्मार शहराच्या जागी नेदरलँड्समधलं डेल्फ्ट दिसतं, आणि पडद्यावर शहरभर हजारो उंदीर. चौकात शवपेट्यांची रांग, शेजारी उंदरांच्या गराड्यात टेबल मांडून जेवणारी माणसं. हे दृश्य मी विसरू शकलेले नाही.

आता तो डॉक्टर, व्हॅन हेल्सिंग. स्टोकरच्या कादंबरीत तो झटणारा माणूस आहे. तिथे मीना सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा टाइप करून तारखेनुसार लावते. आपल्या भाषेत, डेटा नीट लावते. हर्झोगकडे हे काम लुसी एकटी करते. जोनाथनने आणलेलं पुस्तक वाचते, शहरातल्या मृत्यूंशी ताडून बघते आणि डॉक्टरांना सांगते. ते म्हणतात, या अंधश्रद्धा आहेत, विज्ञानाने त्या कधीच खोडल्यात.

पहिल्यांदा बघताना मला राग आला होता. वाटलं, दिग्दर्शकाला विज्ञानाची टिंगल करायची आहे. दुसऱ्यांदा बघितला तो लॅबमधल्या एका फजितीनंतर. एका ज्युनियरने मला सांगितलं होतं, “ताई, कंट्रोलमध्येच काहीतरी वाढतंय.” मी म्हटलं, “पुरावा आण, मग बघू.” पुरावा त्या प्लेटमध्येच होता. मी ती उघडून बघितली नाही आणि दोन महिन्यांची रीडिंग्ज टाकून द्यावी लागली.

म्हणून आता मला वाटतं, व्हॅन हेल्सिंगची चूक शंका घेण्यात नाही. लुसी चुकली असती, तर ते तपासायचं कसं, हे तो सांगतच नाही. तपासणीशिवायची शंका म्हणजे नुसता नकार.

तरी माझी एक तक्रार आहे. हर्झोगने त्याला फारच दुबळं केलंय. तो धडपडून चुकला असता, तर लुसीचं एकटेपण जास्त बोचलं असतं. प्रतिपक्ष कमकुवत ठेवून युक्तिवाद जिंकणं सोपं असतं. थिसिसमध्येही आपण हेच करतो.

शेवट मात्र जबरदस्त आहे (ज्यांना आधी कळायला नको, त्यांनी इथे थांबा). मुर्नाऊकडे नायिकेच्या बलिदानाने संकट टळतं. हर्झोग तेच बलिदान ठेवतो आणि परिणाम बदलतो. डॉक्टर अखेर हातात खुंटा घेतो, पण तोवर लुसी गेलेली असते. उलट खुनाच्या आरोपावरून त्यालाच अटक होते, आणि तीही अशा गावात जिथे तुरुंग सांभाळायलाही कोणी उरलेलं नाही. जोनाथन स्वतःच व्हॅम्पायर होऊन घोड्यावरून निघून जातो.

जुनं काम पुन्हा करायचं तर कसं, हे यातून शिका: बरंचसं तसंच ठेवायचं आणि एक गोष्ट विचारपूर्वक बदलायची. जमलं तर दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, मुर्नाऊचा आधी. आणि कोणी ज्युनियर प्लेट घेऊन आला, तर आधी ती उघडून बघा.