पानाच्या आतला खाणकामगार

वायर या लंडनच्या बँडचे चाहते एकत्र जमले की वाद ठरलेला असतो. 'पिंक फ्लॅग' श्रेष्ठ, 'चेअर्स मिसिंग' श्रेष्ठ, की '154'? 1977, 1978 आणि 1979 अशा लागोपाठच्या वर्षांत आलेल्या या तीन रेकॉर्ड. ज्यांचा जीव पंकच्या धगीवर आहे ते पहिलीची बाजू घेतात. ज्यांना ध्वनीचे गडद, जाड थर आवडतात ते तिसरीची. मधलीचे पाठीराखे आवाज चढवत नाहीत, पण हटतही नाहीत. मी त्यांच्यातला. एका गाण्याबद्दल मात्र तिन्ही गटांचं एकमत असतं, ते म्हणजे 'आउटडोअर मायनर'. आणि त्यावर माना डोलावून होतात न होतात तोच दुसरा वाद उभा राहतो: रेकॉर्डवरचं पावणेदोन मिनिटांचं खरं, की सिंगलसाठी वाढवलेलं? मला हा दुसरा वाद जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात गाण्याचा गाभाच पणाला लागलेला आहे.

आधी थोडं मागे जायला हवं. वायर हा बँड 1976 साली उभा राहिला. गायक-गिटारवादक कॉलिन न्यूमन वॉटफर्डच्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेला; दुसरा गिटारवादक ब्रूस गिल्बर्ट तिथेच नोकरीला होता आणि पंकच्या त्या ऐन धामधुमीत तिशी ओलांडलेला होता. बासवर ग्रॅहम लुइस, ड्रम्सवर रॉबर्ट गोटोबेड. वाद्यांवरची हुकमत ही त्यांची ताकद नव्हतीच. चित्रकाराची नजर ही ताकद होती: काय ठेवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं हे त्यांना आधी कळत होतं. 'पिंक फ्लॅग'वर सुमारे पस्तीस मिनिटांत एकवीस गाणी आहेत. त्यांतली सहा तर मिनिटभरही टिकत नाहीत. शब्द संपले की गाणं संपलं, असा साधा हिशेब. ध्रुवपद पुन्हा घोळवायचं नाही, गिटारची करामत दाखवायला जागा ठेवायची नाही. '106 बीट्स दॅट' हे गाणं शंभर अक्षरांत बसवायचं म्हणून लुइसने लिहायला घेतलं आणि ते एकशेसहावर गेलं; त्या जास्तीच्या सहा अक्षरांचा उल्लेख थेट नावातच आला. नियम आधी आणि गाणं नंतर, ही शिस्त पंकच्या बाकीच्या गोंगाटात कुठे दिसत नव्हती. या छोट्या गाण्यांचा वंश पुढे कुठे कुठे पसरला याची यादी चाहते तोंडपाठ म्हणतात: मायनर थ्रेटने '12एक्सयू' गायलं, आर.ई.एम.ने 'स्ट्रेंज' आपल्या रेकॉर्डवर घेतलं. तो इतिहास मोठा आहे, पण तो इथे राहू दे.

'चेअर्स मिसिंग' आली तेव्हा निर्माता तोच होता, माइक थॉर्न. फक्त आता त्याचे कीबोर्डही गाण्यांत शिरले. गिटारचा आवाज पाण्यातून आल्यासारखा डोलायला लागला. वेग उतरला, जागा मोकळी झाली. पहिल्या रेकॉर्डवर जे कापून टाकलं जात होतं, ते आता कापल्यावर मागे शांतता उरू लागली. आणि या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर, दुसऱ्या क्रमांकावर, 'आउटडोअर मायनर' येतं.

शब्द लुइसचे, चाल न्यूमनची. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे कुणाचं लक्ष जात नाही, इतकी ती चाल गोड आहे. लक्ष दिलं तरी चटकन अर्थ लागत नाही. पहिल्या कडव्यात एक बिबट्या आहे, त्याच्या नजरेतून काहीही सुटत नाही. मग कोकरं येतात, त्यांच्या जिवाला घाबरलेला मेंढपाळ येतो. त्यानंतर एकदम कसर, पुस्तकांत आणि कपाटांत सापडणारा तो चंदेरी किडा, स्वच्छ खोलीबाहेरच्या आयुष्याची वाट धरलेला. दुसरं कडवं पहिल्याच्या निम्मं आहे आणि तिथे शेवटी गाण्याचा नायक भेटतो: पानात नागमोडी बोगदा खोदणारी अळी.

या क्रमात एक विलक्षण गोष्ट घडते, ती मला बऱ्याच उशिरा दिसली. बिबट्या, कोकरू, कसर, अळी: प्रत्येक पावलाला प्राणी लहान होत जातो. भिंग हळूहळू पुढे सरकवावं तशी नजर जंगलातून कुरणात, कुरणातून घरात आणि घरातून एका पानाच्या जाडीत उतरते. कडवंही त्याच बेताने आखूड होतं. हा योगायोग असेल असं मी मानत नाही. अक्षरं मोजून गाणं बांधणारा हा माणूस आहे.

आपल्याकडच्या भाजी पिकवणाऱ्याला ही अळी वेगळी सांगावी लागत नाही. टोमॅटोच्या पानावर पांढरट, वळणावळणाची रेघ दिसली की तो म्हणतो, नागअळी पडली. एक बारीकशी माशी पानाच्या आत अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्याच्या मधला हिरवा गर खात पुढे सरकते. ती वाढते तशी तिची रेघ रुंद होत जाते, म्हणजे तिचं वय पानावर लिहिलेलं असतं. पोट भरलं की ती पान फोडून बाहेर पडते आणि बहुधा मातीत जाऊन कोष करते. लुइस या किड्याबद्दल लिहिताना कोळशाच्या खाणीची भाषा वापरतो. खाणीत अगदी समोरच्या भिंतीशी भिडून खोदणाऱ्या मजुराचं नाव तो अळीला देतो. छत कोसळण्याचं भय तो पानात आणतो. 1978 च्या ब्रिटनमध्ये खाणकामगार हा काही दूरचा, पुस्तकी प्राणी नव्हता. त्याच दशकात त्यांचे दोन मोठे संप होऊन गेले होते, दिवे गेले होते, सरकार हललं होतं. लुइस त्यातलं काही गाण्यात आणत नाही. तो फक्त श्रमाचं नाव एका किड्याला देतो, आणि किड्याची किंमत वाढते.

मग ध्रुवपद. तो कुशीवर पडून आहे, लपतोय की काय, असा प्रश्न. आणि लगेच उत्तर, की नाही, जन्मापासून ओळखीची असलेली ही त्याची भूमी आहे. मला हे कितीतरी दिवस निव्वळ कविकल्पना वाटत होतं. पण या जातीच्या माश्यांच्या अळ्या पान पोखरताना खरोखरच कुशीवर पडून असतात. त्या फटीत सरळ राहायला जागाच नसते. अळी एका अंगावर पडते आणि तोंडातल्या आकड्याने समोरचा गर अर्धवर्तुळात खरवडते. म्हणजे गाण्यातली सगळ्यात हळवी ओळ ही गाण्यातली सगळ्यात काटेकोर नोंदही आहे. आपण वरून बघतो तेव्हा ते लपणं वाटतं, दयनीय वाटतं. तिच्या बाजूने बघितलं तर ते काम आहे, घर आहे, जेवण आहे. प्रश्न आपला आणि उत्तर तिच्या वतीने. वायरला 'थंड', 'डोक्याने गाणारे' म्हणणारे बरेच आहेत. त्यांना मी हे ध्रुवपद ऐकवतो. एखाद्या जिवाकडे इतकं नीट पाहणं ही माया नाही, तर काय आहे?

चालही तेच म्हणते. न्यूमनचा आवाज 'पिंक फ्लॅग'वर फटकारणारा होता. इथे तो सैल, श्वासभरला, जवळजवळ लाजरा आहे. ध्रुवपदात मागून दुसरे आवाज मिसळतात आणि साठच्या दशकातल्या गोड पॉप गाण्यांची आठवण येते. गोटोबेडचा ठेका मात्र जराही लाडावत नाही. झांजांचा फुलोरा नाही, कुठे भर घालायची हौस नाही. एकच काम नेटाने करत राहणारा ठेका. किड्यावर एवढी सुंदर चाल लावणं ही थट्टा आहे, असं काही चाहते मानतात. मला ते पटत नाही. थट्टा असती तर गायकाने कुठेतरी डोळा मारला असता. इथे कुणी डोळा मारत नाही.

आता तो वाद. जानेवारी 1979 मध्ये हे गाणं सिंगल म्हणून आलं. कंपनीला रेडिओवर चालेल अशा लांबीचं गाणं हवं होतं, म्हणून पियानोचा एक तुकडा आणि जास्तीचं ध्रुवपद घालून ते तीन मिनिटांच्या आसपास नेलं. पियानो थॉर्नचा आहे आणि तो सुरेख आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. सिंगल 51 व्या क्रमांकापर्यंत चढलं. विक्रीच्या आकड्यांवर शंका घेतल्या गेल्या, बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर झळकायची संधी हुकली, आणि वायरचं एकमेव खरंखुरं लोकप्रिय होऊ शकणारं गाणं तिथेच थांबलं. सिंगलचे पाठीराखे म्हणतात, एवढ्या चालीला श्वास घ्यायला जागा हवीच. त्यांचं म्हणणं मला समजतं. पण पियानो सुरू झाला की आपण पानाबाहेर येतो. मोकळ्या हवेत उभं राहून रेघेकडे कौतुकाने बघणारे प्रेक्षक होतो. लहान रूपात बाहेर येण्याची सोयच नाही. चाल जिवाला लागते न लागते तोच ती संपते.

शिवाय रेकॉर्डवर तिला शेजार आहे. आधी 'मर्सी', पावणेसहा मिनिटांचं, काळवंडलेलं, घणाचे घाव घालत जाणारं. त्या भाराखालून सुटका व्हावी तसं 'आउटडोअर मायनर' उजळून येतं आणि ते सरतं न सरतं तोच 'आय ॲम द फ्लाय' टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू होतं: मी माशी आहे, मी रोग पसरवते, मला हाकलून दाखवा, अशा आवेशात. अळीनंतर माशी. एका गाण्यात जिची कड घेतली, तीच पुढच्या गाण्यात पंख फुटून आपल्या डोक्याभोवती घोंघावते, आणि आपण नुकतीच वाटलेली माया तिच्याबद्दलही वाटते का, हे तिथल्या तिथे तपासलं जातं. 'आय ॲम द फ्लाय' त्याच वर्षी आधी स्वतंत्र सिंगल म्हणून येऊन गेलेलं होतं; रेकॉर्डवर त्याला मुद्दाम ही जागा मिळाली. 'आउटडोअर मायनर'च्या सिंगलवर मागच्या बाजूला 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट' आहे. तेही उत्तम गाणं आहे, पण अळीची माशी व्हायची असेल तर रेकॉर्डची दुसरी बाजूच लावावी लागते.