रे. टिळकांचा ‘देवाचा दरबार’ : एक परामर्श

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे मराठी वाचकांस मुख्यतः कवि म्हणून परिचित आहेत. ‘फुलांमुलांचे कवि’ ह्या बिरुदाखालीं त्यांचें धर्मचिंतक, ग्रंथकार व वक्ते हें रूप झांकून गेलें आहे. सन १९१७ मध्यें त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडिली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ उभारिला. ह्या घटनेस कोणी कविमनाची लहर म्हणतात, तर कोणी चर्चशीं फारकत. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष पुराव्यास उतरत नाहींत.

प्रथम लहरीचा पक्ष घेऊं. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईस १८९५ सालीं झाला. १९०४ सालीं त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ह्या सर्व काळांत ख्रिस्ती सिद्धांत ओवी, अभंग व कीर्तन ह्या देशी पात्रांतून देण्याचा त्यांचा उद्योग चालूच होता. तुकोबांच्या भक्तिमार्गानें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, अशी त्यांची धारणा होती. अशा वक्त्यास मिशनचें वेतन जाचक व्हावें, हें स्वाभाविक आहे. कीर्तनकारास वेतन देणारा दूरदेशींचा असला, म्हणजे श्रोत्याचें लक्ष शब्दांवरून पैशाकडे जातें. तेव्हां १९१७ चा निर्णय हा त्या उद्योगाचा तर्कशुद्ध शेवट होय.

फारकतीचा पक्षही असाच दुर्बल आहे. दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावे, ही योजना चर्चच्या चाकोरीबाहेरची होती खरी. परंतु १९१२ पासून हातीं असलेलें ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादन टिळकांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. त्यांनीं टाकलें तें वेतन, मंडळी नव्हे.

तथापि ह्या स्वातंत्र्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टिळकांनीं आपलें मत पद्धतशीर सिद्धांतग्रंथांत बांधलें नाहीं. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें व तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. कीर्तनें व व्याख्यानें आवाजाबरोबर विरलीं. दरबार एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता. ती व्यक्ति १९१९ च्या मे महिन्यांत गेली, आणि दरबारही फार काळ टिकला नाहीं.

दुसरी मर्यादा घरची. ‘स्मृतिचित्रें’ (१९३४ पासून) हा ग्रंथ विनोदाच्या गोडीनें वाचिला जातो. पण इतिहासाचें साधन म्हणून त्याची साक्ष फार गंभीर आहे. हातीं आलेला पैसा वाटून टाकणाऱ्या पुरुषाच्या घरांत दुसऱ्या दिवशींची चूल कोणी पेटवावी, हा प्रश्न विन्स्लोसाहेबांच्या १९२३ च्या भक्तिपूर्ण चरित्रापेक्षां लक्ष्मीबाईंच्या लेखणींतूनच स्पष्ट उमटतो. निःस्पृह उपदेशकाच्या निःस्पृहतेची किंमत बहुधा दुसरेंच कोणी तरी चुकवीत असतें.

म्हणून टिळकांच्या अखेरच्या वर्षांचा निर्णय केवळ काव्यावरून करणें युक्त नव्हे. १९१२ ते १९१९ ह्या काळांतील ‘ज्ञानोदया’चे अंक आणि ‘स्मृतिचित्रें’ हीं साधनें शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत. एकांत स्वातंत्र्याचा विचार आहे, दुसऱ्यांत त्याचा जमाखर्च. दोन्ही पाहिल्यावांचून हिशेब पुरा होणार नाहीं.